गैरहजर पक्षकार

इ. स. १८८७ मध्ये लंडनच्या 'द अमॅच्युअर फोटोग्राफर' या साप्ताहिकाने हौशी छायाचित्रकारांकडून सुट्टीच्या प्रवासातील चित्रे मागविली आणि त्यांचे परीक्षण डॉ. पीटर हेन्री एमर्सन यांच्याकडे सोपविले. एमर्सन हे शिक्षणाने वैद्य, वृत्तीने भांडखोर आणि मतांच्या बाबतीत अत्यंत निश्चयी असे गृहस्थ होते. त्यांच्यापुढे आलेल्या ढिगात बर्लिन येथे शिकणाऱ्या एका तेवीस वर्षांच्या अमेरिकन विद्यार्थ्याने इटलीतून आणलेली काही चित्रे होती. त्यांपैकी बेलाजिओ गावच्या हसऱ्या मुलामाणसांच्या चित्रास त्यांनी पहिले पारितोषिक दिले. एक रौप्यपदक आणि दोन गिनी. आलेल्या सर्व चित्रांत उत्स्फूर्त म्हणावे असे हे एकच, असा त्यांचा अभिप्राय होता. हा विद्यार्थी म्हणजे आल्फ्रेड स्टिग्लिट्झ. छायाचित्रणास कलेच्या पंक्तीत पाट मिळवून देण्यासाठी ज्याने पुढे १९०३ पासून १९१७ पर्यंत 'कॅमेरा वर्क' हे त्रैमासिक चालविले, तोच हा.

ही मंडळी कोणत्या तरी विनोदावर हसत आहेत, असे चित्राच्या नावावरून कळते. तो विनोद कोणता, हे मात्र चित्र सांगत नाही आणि पारितोषिक देण्यास ते कळण्याची आवश्यकताही नव्हती. कदाचित त्रिपाद घोडीवर पेटी चढवून काळ्या कापडात डोके खुपसणारा तो परदेशी तरुण हाच त्या हशाचा विषय असेल. तसे असेल, तर चित्रातील माणसे चित्रकारावर टीका करीत होती आणि तीच तेवढी कोणी नोंदविली नाही, असे म्हणावे लागेल.

आपण काढलेली कृष्णधवल चित्रे चार जाणत्यांपुढे मांडावीत आणि त्यांचे बरेवाईट बोल ऐकावेत, ही प्रथा तेव्हापासून आजतागायत चालत आली आहे. ती चांगली प्रथा आहे, यात शंका नाही. मुंबईत १९३७ साली स्थापन झालेल्या फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडियापासून तालुक्याच्या गावी एखाद्या वाचनालयाच्या माडीवर जमणाऱ्या पाचसात हौशी मंडळींपर्यंत तिचे स्वरूप बहुधा एकच असते. जाड पुठ्ठ्यावर डकविलेले प्रिंट एकामागून एक घोडीवर ठेवले जातात. दिवा नीट केला जातो. परीक्षक चष्मा पुसतात आणि मग बोलू लागतात. डाव्या कोपऱ्यातील पांढरा ठिपका नजर ओढून घेतो. मागच्या विजेच्या खांबाने म्हातारीच्या डोक्यातून शिंग काढले आहे. काळा आहे, पण पुरेसा काळा नाही. हात मनगटाशी कापावयास नको होता. या प्रत्येक वाक्यात शहाणपण असते आणि ते मिळविण्यास वर्षे लागतात. ज्याने एकदा आपल्या प्रिंटवर असली उलटतपासणी सोसली आहे, तो पुढच्या खेपेस कळ दाबण्यापूर्वी चित्राच्या चारी कडा पाहून घेतो.

माझी तक्रार या बोलण्याविषयी नाही. ज्याच्या चेहऱ्यावर हा सर्व खल चालतो तो मनुष्य या दरबारात कधीच हजर नसतो. त्याला समन्स नाही, त्याच्या वतीने वकील नाही, आणि पुष्कळदा त्याचे नाव देखील कागदपत्रांत नाही, ही माझी तक्रार आहे. मित्राने मित्राचे काढलेले चित्र असेल तर गोष्ट निराळी. परंतु प्रवासातील व्यक्तिचित्र हे जवळजवळ नेहमीच परक्याने परक्याचे काढलेले असते. काढणाऱ्यापाशी यंत्र असते, गाडीचे परतीचे तिकीट असते, घरी रसिक मित्र असतात. ज्याचे काढले तो आपल्या ओट्यावर, आपल्या मासळीच्या टोपलीपाशी किंवा आपल्या मेंढरांमागे मागेच राहतो. पणजीच्या बाजारात बसणाऱ्या मासेवालीची किती चित्रे आजवर देशोदेशींच्या भिंतींवर लागली असतील, याचा हिशेब तिला कोणी देत नाही.

अशा चित्रांखाली नाव असते ते बहुधा भाववाचक असते. 'वार्धक्य', 'चिंता', 'निरागसता', 'श्रम'. व्याकरणदृष्ट्या पाहता विशेषनामाच्या जागी भाववाचक नाम बसविणे ही किरकोळ बाब वाटेल. परंतु दिवाणी दाव्यात प्रतिवादीच्या रकान्यात 'दारिद्र्य' असे लिहून कोणी दावा दाखल करू गेला, तर शिरस्तेदार तो स्वीकारणार नाही.

कृष्णधवल चित्राविषयी एक समजूत अशी आहे की रंग काढून टाकला म्हणजे सत्य उरते. ही समजूत परीक्षकांत इतकी रुजली आहे की तिचा थोडा तपशीलवार समाचार घेतला पाहिजे. एकोणिसाव्या शतकातील ओल्या कलोडियनच्या काचा मुख्यतः निळ्या-जांभळ्या प्रकाशालाच जागत. तांबड्या-पिवळ्याला त्या जवळजवळ आंधळ्या होत्या. परिणामी निळे आकाश कोरे पांढरे येई आणि सावळा मनुष्य होता त्याहून कितीतरी काळा दिसे. पुढे सर्व रंगांना जागणारी पँक्रोमॅटिक फिल्म आली आणि विसाव्या शतकाच्या दुसऱ्यातिसऱ्या दशकांत ती रुळली, तेव्हा हा दोष गेला; पण निवड छायाचित्रकाराच्या हाती आली. भिंगापुढे तांबडी काच लावा, कांती उजळते, डाग आणि सुरकुत्या विरघळतात. हिरवी लावा, तीच कांती गडद होते आणि प्रत्येक सुरकुती नांगरलेल्या तासासारखी उठून दिसते. त्यात प्रकाशमापक यंत्राची स्वतःची एक खोड असते. समोरचे सर्व दृश्य सरासरीने मध्यम करड्या छटेचे आहे असे गृहीत धरून ते माप सांगते. पांढऱ्याशुभ्र सदऱ्यातील काळसावळा शेतकरी उन्हात उभा केला की यंत्र सदऱ्याला भिते, प्रकाश आखडता घेते आणि चेहरा काळोखात बुडतो. शेवटी छपाईचा कागद मऊ घ्यावा की कडक, हा प्रश्न राहतोच. काळ्या खोलीची जागा आज संगणकाने घेतली आहे. परंतु तांबड्या, हिरव्या आणि निळ्या रंगांची पारडी खालीवर करून जे साधले जाते ते हेच.

तात्पर्य, 'वार्धक्य' या मथळ्याखालील गृहस्थ प्रत्यक्षात किती वृद्ध होते हे ठरविण्यात त्यांच्या जन्मदात्यांइतकाच छायाचित्रकाराचाही वाटा असू शकतो. परीक्षक जेव्हा "काय पोत आला आहे कातडीचा!" असे उद्गारतात, तेव्हा ते साक्षीदाराची नव्हे, रंगवून आणलेल्या साक्षीची तारीफ करीत असतात. रंगवू नये असे मी म्हणत नाही. आपल्याकडील जुन्या स्टुडिओंत वधूवरांचे चेहरे बारीक पेन्सिलीने उजळले जात. तोही रंगविण्याचाच प्रकार, फक्त गिऱ्हाइकाच्या इच्छेने केलेला. तेथे गिऱ्हाईक पैसे मोजत होते आणि नापसंत प्रत परत करू शकत होते. मेंढपाळास ती सोय नाही.

आता पुन्हा स्टिग्लिट्झकडे वळू. कारण केवळ आकृतीवर भाळणाऱ्या टीकेचे सर्वांत नामांकित उदाहरण त्याच्याच एका प्रवासचित्राने पुरविले आहे. १९०७ साली 'कैसर विल्हेल्म दुसरा' या जहाजाने तो पत्नी व मुलीसह पहिल्या वर्गातून युरोपास निघाला होता. फिरत फिरत वरच्या डेकच्या टोकाशी येऊन त्याने खाली पाहिले, तो खालच्या वर्गातील उतारूंची दाटी. धावत खोलीत जाऊन त्याने कॅमेरा आणला. एकच काच शिल्लक होती, ती त्याने खर्च केली. ते चित्र, 'द स्टीअरेज', १९११ मध्ये 'कॅमेरा वर्क'मध्ये छापले गेले. त्या क्षणी आपणास काय दिसले, याचे वर्णन त्याने कित्येक वर्षांनी, १९४२ साली प्रसिद्ध केले. त्यात गवती टोपीचा वर्तुळाकार आहे, डावीकडे कललेले धुराडे आणि उजवीकडे कललेला जिना आहे, पांढरा पूल आहे, एकाच्या पाठीवर फुली मारलेले पांढरे पट्टे आहेत. माणसांविषयी त्याला आस्था नव्हती असे नाही. परंतु त्याने जे प्रथम मोजले ते आकार होते.

या चित्राची पुढची हकीगत मोठी बोधप्रद आहे. आशेने अमेरिकेत पाऊल ठेवणाऱ्या निर्वासितांचे चित्र म्हणून ते ठिकठिकाणी छापले गेले, वाखाणले गेले. जहाज तर उलट दिशेस, न्यूयॉर्कहून जर्मनीच्या बंदराकडे चालले होते. खालच्या वर्गातील ही मंडळी अमेरिकेतून परतत होती. त्यांत मजुरीची मुदत संपलेले असतील, बंदरावरूनच परत लावलेलेही असतील. पट्टेदार शाल पांघरलेल्या एका बाईस तर कित्येकांनी प्रार्थनेचे वस्त्र पांघरलेला ज्यू पुरुष मानले. आकृतीविषयीचे प्रत्येक विधान अचूक आणि माणसांविषयीचे जवळजवळ प्रत्येक चुकीचे, असा हा प्रकार झाला. एक साधा प्रश्न, 'जहाज कोणीकडे चालले होते?', एवढा विचारला गेला असता तरी निम्मे भाष्य जागीच कोसळले असते.

यापेक्षा जिव्हारी लागणारे उदाहरण डोरोथिया लँग हिच्या चित्राचे आहे. मार्च १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातील निपोमो येथे वाटाणे तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर, सरकारी पुनर्वसन खात्यासाठी काम करीत असता, तिने एका आईची मुलांसह काही चित्रे घेतली. त्यांतील शेवटचे, हनुवटीला हात टेकलेली आई आणि दोहो बाजूंनी तोंडे फिरविलेली मुले, हे आज त्या मंदीच्या काळाचेच चित्र होऊन बसले आहे. निर्दोष रचना म्हणून शिकविले जाते आणि ते योग्यच आहे. मूळ निगेटिव्हमध्ये खालच्या उजव्या कोपऱ्यात तंबूच्या खांबाला धरलेला एक अंगठा दिसत होता. तो लँगला खटकला. काही वर्षांनी तिने तो पुसून घेतला. खात्याच्या प्रमुखास ही खाडाखोड रुचली नव्हती. आपल्या मंडळींच्या बैठकीत हे चित्र आले असते तर अंगठा कोणीही दाखविला असता.

नाव मात्र लँगने विचारले नव्हते. तिने स्वतःच १९६० साली तसे लिहिले आहे. चित्रातील आईचे नाव फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन, हे जगाला १९७८ मध्ये, म्हणजे बेचाळीस वर्षांनी कळले. ती मूळच्या चेरोकी वंशाची, हेही तेव्हाच. चित्र घेतले गेले नसते तर बरे, यातून आपल्याला एक छदामही मिळाला नाही, असे तिचे म्हणणे होते. मोटारीचे टायर विकून त्यांनी अन्न घेतले, ही चित्राबरोबर फिरणारी कथाही तिच्या कुटुंबाने नाकारली. वृत्तपत्रांत चित्र येताच त्या तळावर सरकारी अन्न धाडले गेले, हे खरे. पण तोवर ही माणसे पुढच्या गावी निघून गेली होती. इतक्या हजारो डोळ्यांनी त्या चित्राचे परीक्षण केले. त्या डोळ्यांना अंगठा दिसला, नाव नाही हे दिसले नाही.

आपल्याकडचे उदाहरण हवे असेल तर इंदूर आणि हैदराबाद येथील वाचकांस राजा दीनदयाळ हे नाव अपरिचित नाही. रुडकीस स्थापत्याचे शिक्षण घेऊन ते इंदुरास बांधकाम खात्यात नोकरीस लागले आणि १८७४ च्या सुमारास तेथेच त्यांनी कॅमेरा हाती धरला. १८८२ मध्ये सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर मध्य हिंदुस्थानातील वास्तूंची चित्रे घेत ते हिंडले. पुढे सिकंदराबाद आणि मुंबई येथे त्यांचे स्टुडिओ निघाले, निजामाने त्यांस 'मुसव्विर जंग' हा किताब दिला, आणि पडदानशीन स्त्रियांसाठी १८९२ मध्ये त्यांनी हैदराबादेस एका इंग्रज बाईच्या देखरेखीखाली वेगळा जनाना स्टुडिओ काढला. ही शेवटची गोष्ट मला त्यांच्या सर्व किताबांहून मोठी वाटते. कारण चित्रात येणाऱ्या व्यक्तीच्या अटी येथे चित्रकाराने आधी ऐकल्या आणि मग काच उघडली. अर्थात त्या स्त्रिया मोठ्या घरच्या होत्या. त्याच स्टुडिओने औरंगाबाद जिल्ह्यातील दुष्काळी कामांचीही चित्रे घेतली. तेथे मजुरांनी काही अटी घातल्या असतील, असे कोणास वाटेल? सरदारांच्या चित्राखाली वंशावळीसह नाव आणि खडी फोडणाऱ्यांच्या चित्राखाली कामाचे नाव, ही वाटणी एकट्या दीनदयाळांची नव्हे. १८६८ ते १८७५ या काळात सरकारने आठ खंडांत छापलेला 'द पीपल ऑफ इंडिया' हा चित्रसंग्रह उघडावा. बहुतेक चित्रांखाली जात किंवा जमात तेवढी आढळते. मनुष्य हा तेथे नमुना म्हणून हजर आहे.

यावर हौशी मंडळींचा एक आक्षेप ठरलेला आहे आणि तो दुबळा नाही. ते म्हणतात, चित्र आपल्या पायांवर उभे राहिले पाहिजे. हकीगतीच्या कुबड्या देऊन वाईट चित्र चांगले होत नाही आणि परवानगी मागत बसले तर जिवंत चित्र हाती लागत नाही. पॉल स्ट्रँडने १९१६ मध्ये न्यूयॉर्कच्या रस्त्यावर गळ्यात 'आंधळी' अशी पाटी अडकवलेल्या बाईचे चित्र घेतले, ते कॅमेऱ्याच्या बाजूस एक खोटे भिंग बसवून, आपण भलतीकडेच रोखले आहे असा देखावा करून. एक तर ती आंधळी, आणि त्यातही ही फसवणूक! तरी ते चित्र थोर आहे. त्यापुढे उभे राहिले की आपल्या पाहण्याचीच लाज वाटू लागते, असे फार थोड्या चित्रांबाबत घडते. मी वकील असल्यामुळे माझी नजर तिच्या छातीवरील परवान्याच्या बिल्ल्याकडे जाते. नगरपालिकेने तिला क्रमांक दिला होता आणि तो चित्रात उतरला आहे. नाव कोणीच टिपले नाही.

तेव्हा चोरून घेतलेले चित्र वाईटच असते असा नियम मला करता येत नाही आणि करावयाचाही नाही. पण चोरून घेतले की नाही, हे परीक्षकाने विचारू नये, हा नियम कोठून आला? साक्षीपुराव्याच्या कायद्यात मिळविण्याची रीत सदोष असली म्हणून पुरावा आपोआप बाद होत नाही. न्यायाधीश मात्र ती रीत ऐकून घेतो आणि पुराव्याचे वजन त्याप्रमाणे ठरवितो. एवढेच येथे व्हावे. प्रिंट घोडीवर येताच पहिली दोन मिनिटे कोणी बोलू नये. चित्राला जे सांगावयाचे ते त्याने एकट्याने सांगावे. मग परीक्षकांनी रचना, छटा, कडा यांविषयी आपले म्हणणे मांडावे. आणि त्यानंतर, अंक देण्यापूर्वी, चित्रकाराने उभे राहून सांगावे की हा मनुष्य कोण, कोठला, त्याच्याशी काय बोलणे झाले, त्याला हे चित्र दाखविले का. "गाडीतून घेतले, ठाऊक नाही" हे उत्तरही चालेल. ते उत्तर उच्चारताना चित्रकाराचा आवाज कसा होतो, हे त्या खोलीतल्या सर्वांना ऐकू येईल.

काहींना ही नीतिशास्त्राची लुडबूड वाटेल. मला ती रसग्रहणाचीच बाब वाटते, कारण ज्या चित्रकाराने दोन वाक्ये तरी बोलून चित्र घेतले आहे त्याच्या चित्रातील डोळे निराळे असतात. ते भिंगाकडे पाहत नाहीत, भिंगामागच्या माणसाकडे पाहतात. वृत्तछायाचित्रणासारख्या धावपळीच्या धंद्यात सुद्धा हे पथ्य पाळता येते. होमाई व्यारावाला यांनी दिल्लीतील ऐन उमेदीची वर्षे या कामात घालविली आणि १९७० साली कॅमेरा खाली ठेवला. नव्या छायाचित्रकारांना रीतभात उरली नाही, हे आपल्या निवृत्तीचे कारण त्यांनी मुलाखतींत स्वच्छ सांगितले होते. पुढची अनेक वर्षे त्या बडोद्यास राहिल्या आणि २०१२ मध्ये तेथेच निवर्तल्या. ज्यांनी त्यांची चित्रे पाहिली आहेत त्यांना ठाऊक आहे की रीतभात पाळल्याने त्यांच्या चित्रांतील जिवंतपणा तिळभरही कमी झाला नव्हता.

एमर्सन यांचेही पुढे काय झाले ते सांगितले पाहिजे. निसर्गनिष्ठ छायाचित्रण ही कलाच होय, असे १८८९ मध्ये ग्रंथ लिहून प्रतिपादन करणाऱ्या या गृहस्थाने १८९१ च्या प्रारंभी काळ्या चौकटीची एक पुस्तिका छापून ते सर्व मत मागे घेतले. आपलाच निवाडा इतक्या जाहीरपणे फिरविणारा परीक्षक आमच्या धंद्यातही विरळाच.

गैरहजर पक्षकारास ऐकण्याचा एक सोपा मार्ग म्हणजे त्याला प्रिंट पाठविणे. खर्च टपालहशिलाचा. बेळगावकडील माझ्या एका स्नेह्याने शहापुरातील एका वृद्ध विणकराचे चित्र घेतले होते. मागाच्या उभ्या धाग्यांआडून दिसणारा चेहरा, खिडकीचा एकच कवडसा, बाकी सर्व काळोख. बैठकीत त्याची फार वाहवा झाली. त्याने एक प्रत विणकरबाबांना धाडली. पंधरा दिवसांनी नातवाच्या हातचे पत्र आले. साहेबांनी आठवण ठेवली याचा आनंद झाला, असे लिहून आजोबांच्या तीन शंका पुढे मांडल्या होत्या. पाय का घेतले नाहीत? मागावर त्या दिवशी चांगले काठाचे लुगडे होते, ते कोठे गेले? आणि घरात दिवाळीतच चुना काढला असता भिंत एवढी काळी कशी? शेवटी, पुढच्या खेपेस आलात तर आजीला बरोबर बसवून एक काढावा, अशी विनंती होती. स्नेह्याने तसा काढला. दोघे खुर्च्यांवर ताठ बसलेली, पावले जमिनीवर नीट टेकलेली, मांडीवर ते लुगडे उलगडून काठ पुढे केलेला, मागे पांढरी भिंत. तो प्रिंट आता विणकरबाबांच्या घरी देवघराशेजारी लावलेला आहे. बैठकीत आणण्यास मात्र माझा स्नेही अद्याप तयार नाही.